हातचं राखून

४ फेब्रुवारी

बाबा,

तुम्हाला दोन्ही हातांनी नमस्कार. बातमी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही सवयीप्रमाणे शेवटचं पान पहिलं वाचाल.

परवाची सुनावणी मी एकटीनं केली. नव्या रस्त्यात ज्यांची घरं जाणार आहेत, त्यांचं म्हणणं ऐकण्याची ही जाहीर सुनावणी. सभागृह गच्च भरलेलं. आपली माणसं पुढच्या दोन रांगांत होती. तुमच्या कर्णबधिर मंडळातले शिंपीकाकाही होते, त्यांच्या भावाचं घर त्या रस्त्यात जातंय. आमचा दुसरा दुभाषी लंबू रजेवर आणि नवी मुलगी अजून कच्ची. तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत मी एकटीच उभी. वकील बोलले, अधिकारी बोलले, घरमालक रडले, भाडेकरू भांडले, आणि सगळ्यांच्या वतीनं माझे हात बोलले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, या बाईंचे हात थांबले असते तर ही सुनावणीच थांबली असती. सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. आपल्या लोकांनी दोन्ही हात वर करून हलवले. मला काय वाटलं ते कागदावर उतरत नाही, भेटीत सांगेन.

आता गंमत ऐका. आमच्या कचेरीत एक तपासनीस बाई आल्या आहेत. कामामुळे कोणाच्या हाताला, खांद्याला, मनगटाला इजा होण्याचा धोका किती, हे त्या तपासतात. टंकलेखनवाल्यांकडे गेल्या, गोदामात गेल्या, आणि मग आमच्याकडे. सुनावणीत कोपऱ्यात उभ्या राहून घड्याळ लावून मला बघत होत्या. नंतर प्रश्न. हात किती उंच धरता? मध्ये थांबता येतं का? कामाचा वेग कोण ठरवतं? मी म्हटलं, बोलणारा ठरवतो. वकील धावला की माझे हात धावतात. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, कुठे दुखतं का? मी म्हटलं, बाई, मी चालायच्या आधी हातांनी बोलायला शिकले, मला काय दुखणार? त्यांनी तेही लिहून घेतलं.

महिनाअखेरीला शनिवारी येते. आत्याला सांगा, वजन कमी झालेलं नाही.

तुमची
बडबडी


१० फेब्रुवारी

चि. बडबडीस,

तुझं पत्र मी एकदा स्वतः वाचलं, एकदा तुझ्या आत्याला वाचायला दिलं आणि रविवारी मंडळात नेलं. तिथे ते इतक्या हातांतून फिरलं की घडीवर फाटलं. चिकटवून ठेवलं आहे.

शिंपी तर आधीच येऊन सांगून गेला होता. पण त्याला कापड मापायची सवय असल्यामुळे तो सगळं तोलूनमापून सांगतो. तू भरभरून सांगतेस. लहानपणी तू झोपेतसुद्धा हात हलवायचीस. तुझी आई म्हणायची, पोरगी बडबडतेय, पांघरूण घाल. तिला ऐकू यायचं, म्हणून बडबड हा शब्द तिचा. आवाज नसलेल्या बडबडीला हे नाव देणारी तीच पहिली.

मी डब्यांच्या कारखान्यात होतो तेव्हा प्रेसच्या आवाजात कोणाचं कोणाला काही कळत नसे. बाकीचे घसा फोडून घ्यायचे. मी आरामात सबंध शेडभर गप्पा मारायचो. त्या शेडमध्ये अपंग कोण होतं, हे तूच ठरव. पण माझं बोलणं शेडच्या दारापर्यंतच चालायचं. तुझं बोलणं आता अध्यक्षांपर्यंत पोचलं. आपल्या घराण्याचे हात कुठून कुठे गेले बघ.

त्या तपासनीस बाईंना म्हणावं, माशाच्या पिलाला पोहताना दम लागतो का, हे घड्याळ लावून बघायची गरज नाही.

तू येशील त्या शनिवारी मंडळातली सगळी मंडळी घरी येणार आहेत. सुनावणी सबंध सांगायची, वकिलाच्या नकलेसकट. आत्या खुर्च्या मागून आणते आहे.

बाबा


४ मार्च

चि. मुलीस,

तू आलीस, राहिलीस, गेलीस. आत्या बरी आहे, मीही बरा आहे, एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण मनात एक आणि कागदावर एक, असं मला जमत नाही.

मंडळातली माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती. शिंपी तर नवा सदरा शिवून आला. तू सगळी सुनावणी चार खुणांत आटोपलीस. लोक आले, बोलले, ऐकून घेतलं, घरी गेले. झालं. वकिलाची नक्कल कर म्हटलं तर नंतर करते म्हणालीस. उजवा हात शालीत, आणि डाव्या हातानं माशी हाकलावी तसं बोलणं. ऐकू येणारी माणसं पुटपुटतात म्हणजे काय करतात, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, काय झालं. तू नुसती मान हलवलीस. ज्या मुलीला बोलायला दहा बोटं कमी पडायची, तिनं बापाला मानेनं उत्तर दिलं. रविवारी मी बसलो होतो तिथे येऊन बसलीस, पण हात पदराखाली. मी तुझ्या हातांकडे बघत होतो आणि तू खिडकीकडे.

मोठ्या माणसांत वावरणाऱ्या मुलीला घरी बोलायचा कंटाळा येत असेल, हे मी समजू शकतो. तिथे हात हलवले की पगार मिळतो, इथे काय मिळणार. पण बाई, माझ्याशी तू अशी हातचं राखून कधी बोलली नव्हतीस.

ऐकू येणारे लोक न आवडलेली गोष्ट कानामागे टाकतात. आम्हाला ती सोय नाही. आम्ही बघितलेलं आम्हाला दिसतच राहतं.

बाबा


९ मार्च

बाबा,

राग धरू नका. कामाचा ताण होता. दमले होते. तुम्हाला वाटतं तसं काहीच नाही.

सविस्तर नंतर लिहिते.

बडबडी


१७ मार्च

पोरी,

मी तुझी आत्या. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस.

तुझं चार ओळींचं पत्र आलं. तुझ्या बाबानं ते वाचलं आणि चष्म्याच्या घरात घालून ठेवलं. त्या दिवसापासून रविवारी मंडळात गेलेला नाही. शिंपी बोलवायला आला होता, त्याला म्हणाला गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत आहे. हात मात्र गप्प आहेत. घरात आधीच आवाज एकटा माझा, आता मी तरी कुणाशी बोलू?

तो बाप आहे, त्याला राग आला. मी बाई आहे, मी बघत होते. तू शनिवारी मला केस बांधून दे म्हणालीस. इतक्या वर्षांत कधी म्हणाली नव्हतीस. मुरंब्याच्या बरणीचं झाकण उघडायला माझ्यापुढे केलंस. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी उचललास आणि दोन्ही हातांनी ठेवलास, आणि तो ठेवताना तुझा चेहरा कसा झाला तेही मी पाहिलं. मी विचारलं नाही, कारण तू दार लावून घेतलं होतंस.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं त्याला दुप्पट लागेल. तो म्हणेल, माझ्या मुलीचं दुखणं मला दुसऱ्याकडून कळतं.

आत्या


२५ मार्च

बाबा,

अक्षर बघून दचकू नका. मी बोलते आहे आणि हे लिहून घेत आहेत. तुमचे जावई म्हणतात, मी इतकी भराभर सांगते की त्यांचाच हात दुखायला लागलाय. त्यांना म्हटलं, दुखला तर लगेच सांगा, माझ्यासारखं करू नका.

बाबा, मी हात आखडता घेतला नव्हता. तो वरच जात नव्हता.

दिवाळखोर माणसानं घरी यावं तशी मी आले होते. सगळं बोलणं बाहेर संपवून तुमच्याकडे रिकाम्या हातांनी. उजव्या कोपरापासून बोटांपर्यंत आग होते. सकाळी दोन बोटं बधिर असतात, झटकून झटकून जागी करावी लागतात. किटली उचलत नाही. कुलपात किल्ली फिरत नाही. मागचं पत्र आखूड झालं ते याचमुळे. हे आजचं नाही, मागच्या वर्षीपासूनचं आहे. सुनावणीच्या दिवशी तर दुसऱ्या तासालाच हात भरून आला होता. पण समोर आपली माणसं होती, शिंपीकाका होते, ते तुम्हाला जाऊन सांगणार होते. कशी थांबू?

तुम्ही सगळ्यांना सांगता, माझ्या मुलीचे हात बघा. ते हात मोडकळीला आलेत, हे तुम्हाला कोणत्या हातांनी सांगणार होते?

आणि एवढ्यावर भागलं असतं तर बरं. तपासनीस बाईंना मी सांगितलं होतं, मला काही दुखत नाही. त्यांच्या टिपणात तसंच गेलं. त्यांनी जोखीम आहे असं लिहिलं होतं, पण साहेबांनी नेमकं माझं वाक्य उचललं. सगळ्यात जुन्या बाईंना सबंध सुनावणीत त्रास होत नाही, म्हणजे एका कामाला एक दुभाषी पुरतो. तसा हुकूम निघाला. नवीला एका दिवसभराच्या प्रशिक्षणात दुभाषी म्हणून एकटीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती मनगट सुजवून आली. आता पट्टा बांधून घरी आहे. मी भेटायला गेले तर मला म्हणाली, ताई, तुम्हाला काहीच होत नाही, मग मलाच का होतं? माझ्यातच काही कमी आहे का?

बाबा, मला तेव्हा धरणी दुभंगावी असं वाटलं. माझा मान राखायला मी जे बोलले, त्याची किंमत तिच्या मनगटानं दिली.

डॉक्टरांनी मला काही आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आहे. आता सुधारलं तर सुधारेल, असंच रेटलं तर हात कायमचा जाईल. तपासनीस बाई पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत, साहेबांबरोबर बैठक आहे. मी खरं सांगितलं तर मोठ्या सुनावण्या माझ्याकडून जातील अशी भीती वाटते. तुम्ही मंडळात काय तोंड दाखवाल, याची त्याहून जास्त.

हातचं राखून बोलले म्हणालात. खरंच बाबा, राखायला हातात काही उरलंच नव्हतं.

बडबडी

(ता. क. मी जावई. शेवटची चार वाक्यं सांगताना ती रडत होती, हे लिहू नका म्हणाली. म्हणून लिहिलं.)


२ एप्रिल

चि. बडबडीस,

तुझं पत्र वाचल्यावर मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. आत्या मागून आली. तिला सगळं आधीच माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. या घरात ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसतही नाही, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, दिसतं, पण रागावल्यावर नाही. तिचं खरं आहे.

आता माझं ऐक. ऐक म्हणजे वाच.

कारखान्यात झाकणं कापायचं प्रेस होतं. आधी ते एका बटणावर चालायचं. एक हात बटणावर, दुसऱ्या हातानं पत्रा आत सरकवायचा. मध्ये क्षणभर हात मोकळा झाला की मी समोरच्याशी बोलून घ्यायचो. पुढे मालकांनी दोन बटणं बसवली. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खालीच येत नसे. म्हणजे हात आत राहायची भीती संपली. सगळे खूश, मी एकटा भडकलो. फोरमनला जाऊन म्हणालो, तुम्ही बाकीच्यांचे हात वाचवलेत आणि माझं तोंड बांधलंत. फोरमनला कान होते, पण त्या शेडमध्ये ते शोभेचेच, त्यामुळे तो आमच्या खुणा शिकला होता. तो म्हणाला, "आज बांधलंय ते संध्याकाळी सुटेल. तुटलं असतं तर काय सोडणार होतास?"

मी तेव्हा त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. हे पत्र मी दहाही बोटांनी लिहितो आहे, बाकी काय सांगू.

आता दुसरी गोष्ट. ही तुला लागेल, पण तुझा अभिमान आहे म्हणून मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. काल मी मंडळात गेलो आणि शिंप्याला सरळ विचारलं, त्या सुनावणीत शेवटपर्यंत सगळं नीट कळलं का. तो चुळबुळ करायला लागला. मग म्हणाला, पहिला भाग आरशासारखा स्वच्छ. पुढे पुढे तिचे हात खाली यायला लागले, खुणा अर्ध्या व्हायला लागल्या. अधिकाऱ्यानं 'घर रिकामं करावं लागणार नाही' म्हटलं की 'आत्ता नाही, नंतर', हे त्याला कळलं नाही. त्याच्या भावानं घरी येऊन दुसऱ्याकडून खात्री करून घेतली. मी विचारलं, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाला, तू इतका खुशीत होतास, आणि ती आपली मुलगी. तिच्याबद्दल कसं सांगायचं?

बघ, तू आमच्यासाठी लपवलंस, शिंप्यानं माझ्यासाठी लपवलं, आणि मी तर बघायचंच टाळलं. सगळ्यांनी एकमेकांचा मान राखला आणि एका माणसाला आपलं घर राहणार की जाणार हे कळलं नाही. दमलेल्या हाताचा धोका फक्त त्या हाताला नसतो, समोर बघणाऱ्यालाही असतो. हे त्या बाईंच्या टिपणात यायला हवं, आणि ते आमच्यावाचून दुसरं कोणी सांगू शकत नाही.

म्हणून मंडळानं ठरवलं आहे की बैठकीला आमची माणसं येतील. तुझी रदबदली करायला नाही, तू ती करू द्यायची नाहीस हे मला माहीत आहे. आम्ही आमच्यासाठी येतो. आम्हाला ताजे हात हवेत. मी स्वतः येणार नाही. बाप समोर असला की तू पुन्हा शूर होशील.

आणि मंडळात तोंड दाखवायचं मी बघतो. ते माझं तोंड आहे.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. हात खाली ठेव.

बाबा


१२ मे

बाबा,

डॉक्टरांनी रोज एक पान लिहायची परवानगी दिली आहे. हे पत्र चार दिवसांचं आहे, तेव्हा अक्षर मध्येच बदललं तर समजून घ्या.

बैठक झाली. तपासनीस बाई समोर, साहेब टेबलाच्या टोकाशी, आपली माणसं भिंतीकडेला. बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवायला लंबू उभा होता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडानं बोलले आणि दुसऱ्याच्या हातांनी ते सांगितलं. मी उठून म्हटलं, "मला त्रास होत नाही हे मी सांगितलेलं खोटं होतं. एक वर्ष होतोय." साहेबांनी कागदावरून डोकं वर केलं. लंबूचा हात क्षणभर हवेत राहिला, मग त्यानं ते सांगितलं. शिंपीकाकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

मला वाटलं होतं, बाई म्हणतील, तेव्हाच का नाही बोललात. पण त्यांनी फाईल उघडली. माणसाच्या आकृतीचा एक कागद पुढे केला आणि कुठे दुखतं तिथे खूण करायला सांगितली. मग शांतपणे एकेक विचारत गेल्या. या वेळी मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली. म्हणाल्या, सगळ्यात कसलेली माणसं दुखणं सगळ्यात उशिरा सांगतात, म्हणून मी नेहमी त्यांच्यापासून सुरुवात करते आणि नेहमी त्यांच्याकडेच चुकते.

साहेबांचं म्हणणं, दोन माणसं पाठवायची म्हणजे निम्मी कामं नाकारायला लागतील. तेव्हा शिंपीकाका उठले. त्यांच्या भावाच्या घराचं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. माझ्याकडे न बघता सांगितलं. मला लागलं बाबा, तुम्ही आधी लिहिलं होतंत तरी लागलं. पण त्यानंतर साहेबांनी निम्म्या कामांचा विषय सोडला. त्यांनी विचारलं, म्हणजे चुकीचा निरोप गेला तर जबाबदारी आमची? बाई म्हणाल्या, आणखी कोणाची.

ठरलं ते असं. लांब कामाला नेहमी दोघं. वीसेक मिनिटांनी अदलाबदल, बोलणारा कितीही रंगात आला तरी. सभागृहात बसायला खुर्ची, हाताला आधार. दर थोड्या महिन्यांनी तपासणी. आणि हात भरून आला तर मध्येच थांबायचा हक्क, कारण न देता. आणखी एक दुभाषी घ्यायचं साहेबांनी कबूल केलंय. मोठ्या सुनावण्या माझ्याकडून काढलेल्या नाहीत. उलट साहेब म्हणाले, नव्या पद्धतीची पहिली सुनावणी तुम्हीच करा, म्हणजे लोकांना पटेल.

नवीला सगळं सांगितलं. ती रागावली. चांगलीच रागावली, आणि तिचं बरोबर होतं. मग म्हणाली, बरं, मग आता माझ्याबरोबर उभ्या राहा. तिचा पट्टा सुटला आहे.

जूनमध्ये सुनावणी आहे. त्याच रस्त्याची, पुढची. पण बाबा, खरं सांगू? काम करायची भीती नाही वाटत. भीती वाटते ती भरल्या सभागृहात, सगळ्यांसमोर, हात मांडीवर ठेवून बसायची. जन्मात कधी बसले नाही.

या वेळी तुम्ही या.

बडबडी


१९ जून

चि. बडबडीस,

काल संध्याकाळी तुझ्याकडे पोटभर बोलून आलो तरी हे लिहितोच आहे, कारण एक गोष्ट तुला मुद्दाम सांगितली नाही. ती लिहूनच सांगायची होती.

मला शिंप्यानं मागच्या रांगेत बसवलं. पुढे बसलास तर ती तुझ्याकडेच बघेल, म्हणाला. तू सुरुवात केलीस. माझी मुलगी आहे म्हणून नाही सांगत, पण तो वकील अगदी वकीलच दिसला. मग घड्याळ बघून नवी उठली, तू बसलीस. पहिल्यांदा बसलीस तेव्हा तुझी बोटं मांडीवर चुळबुळत होती, मला मागून दिसलं. पुढच्या वेळी ती शांत झाली. हात उताणे ठेवले होतेस, उन्हात ठेवावेत तसे. दुसऱ्या तासाला तू पुन्हा उभी राहिलीस आणि तुझी प्रत्येक खूण पूर्ण होती, टोकापर्यंत. शिंप्याच्या भावानं तर मध्येच वळून मला सांगितलं, सगळं कळतंय.

माझ्या शेजारी आमच्यातलेच एक म्हातारे बसले होते, लांबून आलेले, ओळखीचे नव्हेत. मी सारखा पुढे झुकून बघतोय हे पाहून त्यांनी विचारलं, तुमचं घर जातंय का या रस्त्यात? मी म्हणालो, नाही हो, मुलीचं काम बघायला आलोय. त्यांनी समोर बघितलं. तेव्हा नवीची पाळी चालू होती आणि ती छानच करत होती. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हुशार आहे तुमची मुलगी.

मी म्हणालो, "ती नव्हे. ती पलीकडे बसली आहे ना, हात मांडीवर ठेवून, ती माझी."

बाबा